किल्ले कोणी बांधले?

इंग्रजीतले ‘सिट’ आणि ‘सेट’ आपण शाळेत दोन वेगळे शब्द म्हणून पाठ करतो. पण ‘सेट’ म्हणजे मुळात ‘बसवणे’. झाड तोडण्यासाठी वापरतात ते ‘फेल’ हे ‘फॉल’चं प्रयोजक रूप, आपल्या पडणे-पाडणेसारखंच. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत धातूला प्रत्यय लावून अशी रूपं होत. पुढे प्रत्यय झिजला, स्वरातला फरक तेवढा उरला. करवून घेण्याचा अर्थ मग वेगळ्या क्रियापदांकडे गेला. आज ती ‘मेक’, ‘हॅव’, ‘गेट’ आहेत. अकराव्या शतकात त्यांत ‘लेट’ही होतं.

‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मधल्या 1087च्या नोंदीत मला या दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी सापडतात. त्या वर्षी विल्यम पहिला वारला. त्याच्या दरबारी राहिलेला लेखक लिहितो, की राजाने किल्ले बांधवले आणि गरिबांना फार छळलं. ‘बांधवले’साठी त्याने ‘लेट’ वापरलंय. आज त्याचा अर्थ ‘करू देणे’ एवढाच उरलाय. तेव्हा ‘करवणे’ असाही होता. जर्मन ‘लासन’ला अजून दोन्ही अर्थ आहेत. ‘छळलं’साठी आहे ‘स्वेंकन’: राबणे या अर्थाच्या ‘स्विंकन’चं जुनं प्रयोजक रूप, म्हणजे मुळात ‘राबवणे’.

पहिल्या वाक्यात बांधणारे हात गायब आहेत. दुसऱ्यात ती माणसं कर्म होऊन येतात. दोन्ही गोष्टींचा संबंध लेखक उलगडून सांगत नाही, पण मी त्या एकत्रच वाचतो. आदल्याच वर्षीच्या ‘डूम्सडे’ पाहणीत एकट्या लिंकन शहरात किल्ल्यापायी उद्ध्वस्त झालेली 166 घरं नोंदली आहेत.

आजचं इंग्रजी सरळ म्हणतं, विल्यमने टॉवर ऑफ लंडन बांधला. ‘हॅव’ हाताशी असूनही कोणी वापरत नाही. ‘बांधवला’ उपलब्ध असताना आपणही शहाजहानने ताजमहाल ‘बांधला’ म्हणतोच. राजा कर्ता झाला, की बाकीच्यांना वाक्यात जागा उरत नाही.

त्याच बखरीत 1097ची एक नोंद मात्र वेगळी आहे. तेव्हा विल्यमचा मुलगा राज्य करत होता. लंडनसाठी वेठ देणाऱ्या परगण्यांचे त्या वर्षी फार हाल झाले, असं तिथे म्हटलंय. कारण होतं टॉवरभोवतीची तटबंदी. तिच्यासाठी लेखक ‘लेट’ वापरत नाही; साधं क्रियापद वापरतो आणि कर्ता अनेकवचनी ठेवतो: ‘त्यांनी बांधली’.