सर्पगंधेचे मूळ आणि रिसर्पिन

सर्पगंधेचे मूळ भारतात सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि वेडावर पिढ्यान्‌पिढ्या दिले जाई. बिहारमध्ये तर ते ‘पागल की दवा’ याच नावाने विकत मिळे. प्रयोगशाळेत मात्र त्याची खरी झडती १९३१ साली सुरू झाली. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइड वेगळे केले. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ उन्मादावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचे लिहिले. हे लेखन भारतातच राहिले.

जगाचे लक्ष वेधले ते मुंबईने. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. पुढे बाझेलच्या सिबा कंपनीतील मुलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळातला प्रभावी घटक शोधला, तोच रिसर्पिन. वेडावरचे औषध अशा रीतीने रक्तदाबाच्या आडवाटेने मनोरुग्णालयात पोचले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी त्याचे स्किझोफ्रेनियावरील परिणाम प्रसिद्ध केले.

मनोविकारांवरचे औषध म्हणून त्याची सद्दी फार टिकली नाही. क्लोरप्रोमझीन हे दुसरे औषध लवकर गुण देई, शिवाय रिसर्पिनने काहींना नैराश्य येते अशी तक्रार होती. त्याची खरी कामगिरी वेगळीच ठरली. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाला आढळले की रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा साठा रिता करते. दोन वर्षांनी स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचले, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. शरीरात एल-डोपापासून डोपामीन हे दुसरे संदेशवाहक रसायन बनते. म्हणून हालचालींच्या नियंत्रणात डोपामीनचा हात असावा, असा कयास बांधता आला. पार्किन्सनच्या रोगावरील एल-डोपाच्या उपचाराची वाट इथूनच निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

झुडपाला मात्र ही मागणी महागात पडली. औषध मुळात असल्याने ते काढताना अख्खे झाड उपटावे लागते. जंगलांतून ते झपाट्याने दुर्मीळ होत गेले आणि १९९० मध्ये सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार दुर्मीळ वन्य जातींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित झाला.