निसिरोस : आगीने पोसलेले बेट

ग्रीसच्या पूर्वेकडील समुद्रात, कोस बेटाच्या दक्षिणेला निसिरोस नावाचे एक लहानसे, जवळजवळ गोल बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ४१ चौरस किलोमीटर, वस्ती हजाराच्या आसपास. हे बेट म्हणजे पाण्यातून डोके वर काढलेला ज्वालामुखीच. हजारो वर्षांपूर्वीच्या स्फोटांनंतर त्याचा माथा खचला आणि मधोमध सुमारे चार किलोमीटर रुंदीची खोलगट जागा तयार झाली. तिच्या तळाशी असलेल्या स्टेफानोस या विवरातून आजही गंधकाची वाफ निघते.

पुराणकथा सांगते, की समुद्रदेव पोसायडनने त्रिशूळाने कोसचा एक तुकडा तोडला आणि पॉलिबोटिस या राक्षसावर फेकला. तोच हा निसिरोस. खाली दबलेला राक्षस अजून उसासे टाकतो, असे म्हणतात.

मग अशा जागी माणसे राहिली कशाला? उत्तर दगडात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवले, की शेजारच्या लोकांना जात्यांसाठी दगड इथूनच मिळतो. म्हणजे दूरदूरच्या घरांतले पीठ या आगीच्या दगडावर दळले जाई. राखेच्या सुपीक मातीत, डोंगरउतारावर पायऱ्यांची शेते उभी राहिली. जवळच्या याली बेटावरचा प्युमिस, म्हणजे हलका सच्छिद्र दगड, आजही खणून परदेशी जातो.

आगीने सारे दिले, गोडे पाणी मात्र दिले नाही. नदी नाही, ओढा नाही. पावसाचा थेंब न् थेंब टाक्यांत साठवायचा.

राज्यकर्ते येत गेले. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इथली माणसे राणी आर्टेमिसियाच्या आरमारात होती. पुढे सेंट जॉनचे सरदार, १५२२ पासून ऑटोमन तुर्क, १९१२ पासून इटली, आणि १९४७ मध्ये ग्रीस. ज्वालामुखी मात्र कुणाच्याच हुकमतीत आला नाही. १८७३ आणि १८८७ मध्ये वाफेचे स्फोट झाले. १९३३ च्या भूकंपानंतर विवराच्या काठावरचे एम्पोरिओस गाव जवळजवळ ओस पडले. कितीतरी कुटुंबे न्यूयॉर्कला जाऊन स्थिरावली.

१९८० च्या दशकात जमिनीत दीड किलोमीटरहून खोल छिद्रे पाडली गेली. तिथे सुमारे ३०० अंश सेल्सिअस उष्णता सापडली. तिच्यापासून वीज करायची योजना होती. पण आपली शेते आणि हवा बिघडेल म्हणून बेटवासीयांनी विरोध केला. वीजकेंद्र उभे राहिले नाही.

त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. उष्णतेपासून वीज करणे वाईट नाही, हेही खरे. पण हजारो वर्षे या आगीच्या उशाशी झोपलेल्या माणसांचा तिच्याबद्दलचा अनुभव इंजिनियरांच्या आकड्यांइतकाच मोलाचा असतो. त्यांना विचारल्यावाचून छिद्र पाडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. ते निसिरोसपुरतेच खरे आहे, असे मला वाटत नाही.