दोरा, कॅमेरा आणि खेळाडू

भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात काय, हा वाद एकोणिसाव्या शतकात फार गाजला. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने तो निकालात काढला. त्याने धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले व त्यांच्या झडपांना जोडलेले दोरे वाटेत आडवे ताणले. घोडा दोऱ्याला लागला की चित्र निघे. चारही पाय अधांतरी असल्याचे त्यात स्वच्छ दिसले. तो दोरा म्हणजेच आजच्या सेन्सरचा पूर्वज होय.

पुढे १९७६ साली जपानमध्ये व्हीएचएस फीत निघाली. १९८० नंतरच्या दशकात फिनलंडच्या पोलर कंपनीने छातीवरच्या पट्ट्यातून मनगटी घड्याळाला हृदयाचे ठोके कळविण्याची सोय केली. आमच्याकडे मात्र व्हिडिओ आला तो सिनेमा पाहण्यासाठी! जालना जिल्हा १९८१ साली झाला, त्या सुमारास येथील गोलंदाजाला स्वतःचा हात कसा फिरतो हे कोण दाखविणार? गुणी मुलाला गाव सोडावेच लागे. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईस आला आणि तेथून मद्रासला, १९८७ साली डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या एमआरएफच्या वेगवान गोलंदाजी केंद्रात गेला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. पण किती पालकांना मुलाला एवढ्या लांब पाठविणे परवडते? मुलींचे तर बोलायलाच नको.

या प्रश्नाला केनियातून एक उत्तर मिळाले. तो देश लांब पल्ल्याच्या धावपटूंचा, तेथे भालाफेक शिकविणारे कोण भेटणार? ज्युलियस येगो याने यूट्यूबवर यान झेलेझ्नी यांच्या फेकी पाहून पाहून सराव केला, आणि २०१५ साली बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९२.७२ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले. त्याचे कौतुक करताना लोक एक गोष्ट विसरतात: मधल्या काळात तो फिनलंडला प्रशिक्षकाकडेही शिकून आला होता.

आज मोबाइलमध्ये कॅमेरा आणि हालचाल मोजणारा सेन्सर दोन्ही असतात. ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला ३३ मीटर जातो. सेकंदाला ३० चित्रे घेतली तर दोन चित्रांत तो मीटरभर पुढे सरकलेला असतो. २४० घेतली तर अवघे १४ सेंटिमीटर. म्हणून हळूगतीचे चित्रण घ्यावे, आणि मोबाइल हातात न धरता विटेवर टेकवून, कडेने. अंबड-भोकरदनच्या मुलीला हे घराच्या अंगणातही करता येईल. मोबाइल म्हणजे बिघडण्याचे साधन, असे ठरवून तो सरसकट काढून घेणारे पालक मला तरी घाईचे वाटतात.

जालन्याच्याच विजय झोलने २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या व २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. धावा वहीत राहिल्या. पण पाय कसा हलला, हे वही सांगत नाही. दुखऱ्या खांद्याने आज सराव थांबवावा की नाही, हे मात्र अंगणातल्या मोबाइललाही सांगता येत नाही. त्यासाठी शाळेच्या क्रीडाशिक्षकांनाच गाठावे लागते.