फकिरा आणि युरोपातला काऊबॉय

1965 साली जॉर्जो स्तेगानी या इटालियन दिग्दर्शकाने ‘अदिओस ग्रिंगो’ हा वेस्टर्न चित्रपट केला. त्याचा नायक ब्रेंट लँडर्स ओळखीच्या माणसाकडून पैसे मोजून गुरे घेतो, आणि ती निघतात चोरीची. खरा मालक अंगावर येतो. जीव वाचवताना नायकाच्या हातून त्याचा खून होतो आणि लोक फाशीचा दोर घेऊन मागे लागतात. गुरे विकणारा सापडला की नायकावरचा डाग पुसला जाणार, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. अमेरिकेच्या नावाने इटली-स्पेनमध्ये त्या काळात असे शेकडो चित्रपट निघाले.

चिंचपोकळी-लालबागच्या माझ्या पिढीला या जातकुळीची ओळख झाली ती हिंदीतून, 1974चा ‘खोटे सिक्के’ आणि 1975चा ‘शोले’ यांतून. पण दरोडेखोर ठरवल्या गेलेल्या माणसाची गोष्ट गिरणगावाला त्याआधीच माहीत होती. ती घाटावरून आली होती. साताऱ्याकडची माणसे एकेका गाळ्यात दाटीने राहत, पाळीप्रमाणे झोपत. त्यांच्या वळकट्यांबरोबर बंडवाल्यांच्या कथाही मुंबईत आल्या. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे त्यांच्यातलेच. काही काळ गिरणीत राबलेले, आणि 1944पासून अमर शेख व गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून कामगारांपुढे गाणारे. त्यांची ‘फकिरा’ 1959 साली प्रसिद्ध झाली. 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

फकिराला ‘मराठी रॉबिनहूड’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ती अपुरी वाटते. दुष्काळात माणसे मरू लागतात तेव्हा फकिरा धान्याचे कोठार फोडतो आणि मग सरकारी खजिना लुटतो, हे खरे. रॉबिनहूडशी साम्य तेवढेच. कादंबरीचा गाभा आहे तो हजेरीत. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911च्या दुरुस्तीने तो देशभर लागू करण्याजोगा झाला. एखादी जमात यादीत चढली की तिच्यात जन्मलेल्या माणसाने चोरी केली की नाही हा प्रश्नच उरत नसे. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. मांगवाड्यातल्या माणसांवरचा हा जाच अण्णा भाऊंनी आतून लिहिला आहे. कादंबरीचा नायक त्यांच्या नात्यातला. अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी त्याने लुटीतले ओंजळभर सुरती रुपये घरात दिले, अशी कथा सांगतात.

ब्रेंट लँडर्सवर आरोप आहे तो एका घटनेचा, म्हणून एक माणूस सापडला तरी त्याची सुटका होऊ शकते. फकिराने कोणाला शोधून आणायचे? त्याच्यावरचा आरोप कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि त्याला साक्षीदार लागत नाही. म्हणूनच या कथेचा शेवट वेस्टर्नसारखा होऊ शकत नाही. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा फकिरा त्यांना सोडवण्यासाठी आपण होऊन हजर होतो. शेवटची धुमश्चक्री येथे नाही. समीक्षकांनी या कादंबरीतल्या भाबड्या शौर्यावर बोट ठेवले आहे, आणि काही पानांपुरते ते बरोबरही आहे. पण हजर होण्याच्या त्या प्रसंगात मला भाबडेपणा कुठेच दिसत नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि यादीतल्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. पाठोपाठ प्रांतोप्रांती ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. सत्तरीच्या दशकात आमच्या चाळीतून एकदा पितळेची भांडी गेली. चौकशीला आलेल्या हवालदाराने एकाही बिऱ्हाडाचे दार वाजवले नाही. तो थेट पुलाखालच्या पालांकडे गेला आणि तिथल्या दोघांना घेऊन गेला. भांडी चौथ्या दिवशी आमच्याच जिन्याखाली सापडली. तोवर पाले उठली होती.