लाल फुल्यांचा इतिहास

वितळलेलं प्लास्टिक साच्यात जिथून शिरतं, ते गेट. भोसरीत मी उमेदवारी करत होतो तेव्हा त्याची जागा उस्ताद ठरवत. चुकली, तर वेल्डिंगने भरून साचा पुन्हा घासायचा. तिकडे मेलबर्नमध्ये 1978 साली कॉलिन ऑस्टिन यांनी मोल्डफ्लो कंपनी काढली आणि प्रवाहाचं गणित संगणकाकडे गेलं. पुढे सॉफ्टवेअर गेटची जागाही सुचवू लागलं. पण दर्शनी बाजूवर डाग चालत नाही, इथे सरकता भाग येतो, हे त्याला कोण सांगणार? म्हणून निषिद्ध जागा माणसानेच आधी खुणावायच्या! मला हुशारीपेक्षा ही मनाईच मोलाची वाटते. आमचे उस्ताद ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने फुल्या मारत. तसलं एकही ड्रॉइंग कुणी जपलेलं नाही, मीसुद्धा नाही.