खाटेपाशी भरणारी शाळा

शिक्षणशास्त्राचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे फळा, बाके आणि घंटा उभी राहते. परंतु जगात अशीही एक शाळा आहे की जिच्यात फळ्याच्या जागी रुग्णाची खाट असते आणि विद्यार्थ्याची चूक वहीत न उमटता माणसाच्या देहावर उमटते. ती शाळा म्हणजे इस्पितळ. डॉक्टर आणि परिचारिका खऱ्या अर्थाने घडतात त्या तेथेच. त्या शाळेत शिक्षणशास्त्र कसे शिरले आणि कोठे अडले, हे आज आम्हांस मांडावयाचे आहे. आम्ही वैद्य नव्हे. कामगारांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. म्हणून आम्ही या गोष्टीकडे उमेदवारीचा प्रश्न म्हणून पाहतो. खाटेपाशी उभा असलेला तरुण विद्यार्थी आहे की कामकरी, हा तो प्रश्न होय.

युरोपात कित्येक शतके वैद्यक हे मुख्यतः ग्रंथ वाचून शिकविले जाई. सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे विद्यार्थ्यांना रुग्णांपाशी नेऊन शिकविण्याची प्रथा पडली. ती पुढे हॉलंडमधील लायडन येथे रुजली. तेथे १७१४ पासून हेर्मान बूर्हाव्हे यांनी अवघ्या बारा खाटांपाशी, सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या, वर्ग भरविला. आणि त्या बारा खाटांपाशी शिकण्यास देशोदेशींचे विद्यार्थी जमले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये फ्रान्समध्ये आरोग्याच्या नव्या शाळा निघाल्या. पाठांतर कमी करून पाहण्यावर आणि हाताने करण्यावर भर द्यावा, असे त्यांचे धोरण फूर्क्रुवा या रसायनशास्त्रज्ञाने मांडले होते. आपल्याकडे मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले ते जमशेटजी जिजीभाई इस्पितळाच्या जोडीनेच. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत आपले भाऊ दाजी लाड होते.

या परंपरेला निराळे वळण दिले ते विल्यम ऑस्लर यांनी. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ १८८९ मध्ये आणि त्याचे वैद्यकीय विद्यालय १८९३ मध्ये उघडले. ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना नुसते राउंडच्या मागे फिरविले नाही, तर वॉर्डातील कामाचा भाग बनविले. विद्यार्थ्याने रुग्णाची हकीकत लिहावी, तपासावे, रक्तलघवी पाहावी आणि मग गुरूंपुढे उभे राहून आपले म्हणणे मांडावे. त्याच सुमारास, १८९६ मध्ये, जॉन ड्यूई यांनी शिकागोला आपली प्रयोगशाळा म्हणविणारी शाळा काढली होती. आपल्या श्रोत्यांना ड्यूई परके नाहीत, कारण कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. 'करून शिकावे' हे ड्यूईंचे सूत्र म्हणून सांगितले जाते. पण त्यांचे सांगणे तेवढेच नव्हते. काही करावे, त्याचा परिणाम काय झाला ते पाहावे आणि त्यावर विचार करावा, म्हणजे अनुभव झाला. नाहीतर ती केवळ हालचाल, असे त्यांचे म्हणणे. हा भेद श्रोत्यांनी मनात धरून ठेवावा. पुढील सारा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो.

कारण ऑस्लर यांच्या पद्धतीत एक फट होती. विद्यार्थी कामाचा भाग झाला, की काम विद्यार्थ्याला गिळू शकते. हे प्रथम उघड झाले ते परिचारिकांच्या बाबतीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात सुरू झाली आणि तिचा नमुना जगभर पसरला. अमेरिकेत तर इस्पितळांनी भराभर शाळा काढल्या. याला ज्ञानदानाची तळमळ हे एकच कारण नव्हते; शिकाऊ मुलींच्या हातून वॉर्ड स्वस्तात चालत, हेही कारण होते. या स्थितीची कसून चौकशी जोसेफिन गोल्डमार्क यांनी केली आणि त्यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या बाई वैद्यकातल्या नव्हेत, कामगार चळवळीतल्या. स्त्री कामगारांच्या दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणारा ऑरेगॉन राज्याचा कायदा १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला, त्याच्या पाठीमागची माहिती गोळा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१२ मध्ये त्यांनी थकवा आणि कामाचा उरक यांवर ग्रंथ लिहिला. ज्या नजरेने त्या कारखान्याकडे पाहत, त्याच नजरेने त्यांनी वॉर्ड पाहिला. त्यांना आढळले ते असे, की एखादे काम मुलीला पुरते येऊ लागले तरी तेच तिच्याकडून पुनःपुन्हा करून घेतले जाई. इस्पितळाची गरज आणि मुलीचे शिक्षण यांचा झगडा झाला, की हार शिक्षणाची होई.

याच मुद्द्यावर पुढे शिक्षणशास्त्राने शास्त्रीय प्रकाश टाकला. १९९१ मध्ये जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. माणूस समूहाच्या कामात कडेकडेने शिरून, हळूहळू मध्यावर पोचून शिकतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यात मेक्सिकोतील युकातान प्रांतातील सुइणींचे उदाहरण आहे. आजी किंवा आई सुईण, मुलगी तिच्यासोबत वावरते, निरोप पोचविते, पुढे थोडा हात लावते आणि एक दिवस स्वतः बाळंतपण करते. वर्ग नाही, परीक्षा नाही, तरी विद्या उतरली. त्याच पुस्तकात अमेरिकेतील मोठ्या दुकानांतल्या मांस कापणाऱ्या उमेदवारांचेही उदाहरण आहे. त्यांना मांस बांधण्याच्या यंत्रापाशी उभे केले जाई. त्या जागेवरून मुरलेले कारागीर कसे कापतात ते दिसतच नसे. वर्षे सरत, पण हात शिकत नसे. इस्पितळातील किती नवशिके डॉक्टर रक्ताच्या नळ्या पोचविण्यात आणि केसपेपर भरण्यात अशा 'बांधणीच्या यंत्रापाशी' उभे असतात, हे ज्याचे त्याने तपासावे.

थकव्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात अठरा वर्षांची मुलगी भरती झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर होते. त्यांच्या लांबलचक पाळ्या आणि वरिष्ठांची अपुरी देखरेख या दोन्ही गोष्टी चव्हाट्यावर आल्या. १९८९ मध्ये त्या राज्याने निवासी डॉक्टरांना आठवड्यास ८० तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. शिकण्यासाठी रात्रंदिवस राबलेच पाहिजे, असे म्हणणारे जुने गुरू पुष्कळ होते. पण झोपेने पेंगणारा माणूस आपल्या कामाच्या परिणामावर विचार कसा करणार? ड्यूईंच्या भाषेत, त्याच्या हातून हालचाल होते, अनुभव होत नाही.

आमच्या देशात १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने सलग कामाला साधारण बारा तासांची मर्यादा सांगितली आणि साप्ताहिक सुटी मान्य केली. कागदावरची ही मर्यादा वॉर्डात उतरावी म्हणून निवासी डॉक्टरांना त्यानंतरही झगडावे लागले. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. पहिल्या वर्षापासून रुग्णांची ओळख, कौशल्यांची नोंदवही, संभाषणाचे शिक्षण, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेली पायरी, म्हणजे माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष कामात करणे, ही त्यामागे दिसते. परंतु नोंदवहीत सही करणाऱ्या वरिष्ठाला काम पाहण्यास वेळच नसेल, तर ती सही हजेरीपटावरच्या सहीहून निराळी नाही.

आणखी एका माणसाचा हिशेब राहिला. तो म्हणजे खाटेवरचा. धर्मार्थ इस्पितळात मुख्यतः गरीबच येत. त्यांच्या देहावर जगातील वैद्यक शिकले गेले. १९६३ पासून हॉवर्ड बॅरोज यांनी रुग्णाची भूमिका वठविणारी शिकविलेली माणसे वापरण्यास आरंभ केला, त्यामुळे पहिली धडपड खऱ्या दुखणाईतावर करण्याचे पुष्कळसे टळते. तरी खाटेची शाळा बंद होणार नाही, होऊही नये. मात्र तपासणारा शिकाऊ आहे हे रुग्णाला सांगावे आणि त्याची संमती घ्यावी. तो शिक्षकाच्या जागी आहे, साहित्याच्या जागी नव्हे.

आपल्या १९६१ च्या उमेदवारी कायद्याने उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे म्हटले आहे. आमच्या अनुभवात या वाक्याने उमेदवाराचे शिक्षण वाढल्यापेक्षा त्याचा हक्क कमी झाल्याचेच अधिक वेळा दिसले. इस्पितळातला तरुण शिकणाराही आहे आणि कामकरीही आहे, हे सरळ मान्य करावे. जे काम त्याला येऊ लागले, त्याचा मोबदला आणि त्याचे तास मोजावे. जे यावयाचे आहे, त्यासाठी पाळीतलाच वेळ राखावा. आणि 'मला हे येत नाही' असे म्हणणाऱ्याचा वॉर्डात पाणउतारा होऊ नये. शिक्षणशास्त्राने आपले सिद्धांत दिले आहेत. ते खाटेपर्यंत पोचावयाचे तर पाळीचे वेळापत्रक बदलावे लागेल, आणि वेळापत्रक नुसत्या सिद्धांताने बदलत नाही; त्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि आपण नागरिक यांनी मिळून मागणी करावी लागते.