राणी आणि रबर

इतिहासात राण्यांची नावे येतात, बुशांची नाही. इटलीत १९५३ साली जन्मलेली फियाट ११०० आपल्याकडे १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ झाली. आमची पद्मिनी सत्तरच्या वेगाला थरथरू लागली. एक गॅरेजवाला म्हणाला, “भंगारात काढा, साहेब!” चाके बॅलन्स केली, थरथर कायम. न्यूट्रल केली, तरी कायम. म्हणजे इंजिन निर्दोष. शेवटी म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहार घालून पुढचा आर्म हलवला, तर बुशातले रबर कवळीसारखे खुळखुळले! नवे बुश बसले. नट मात्र मिस्त्रींनी गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळवटते म्हणे. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा लोक हळहळले. राणीसाठी हो! रबरासाठी कोण रडतो?